ओगराळं, पितळेचं पातेलं आणि बाज

तुमच्या घरात पिण्याच्या पाण्याचा माठ किंवा पिंप कुठे आहे ते जरा डोळ्यांसमोर आणा. त्यातून पाणी कशानं काढता? फुलपात्र बुडवून, तोटी उघडून, की लांब दांड्याच्या ओगराळ्यानं? पोलादपूरकडच्या वाड्यांवर घरी पेशंट बघायला जातो तेव्हा बीपीचा पट्टा काढण्याआधी माझी नजर त्या कोपऱ्याकडे जाते. उलट्या-जुलाबाचा पेशंट असेल तर निम्मं निदान तिथंच होतं.

ओगराळं आता बऱ्याच घरांतून गेलं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. खोलगट वाटी, तिला सरळ उभा जोडलेला हातभर दांडा आणि दांड्याचं टोक वाकवून केलेला आकडा. वस्तू एवढीच. आता दांडा उभाच का? डाव किंवा पळीचा दांडा तिरका असतो, पानात वाढायला तो बरा. पण माठाच्या अरुंद तोंडातून तिरका दांडा धड शिरत नाही, शिरला तर वाटी वर येताना सांडते. उभा दांडा थेट तळाशी जातो आणि भरलेली वाटी तशीच वर येते. दांडा हातभर असल्यामुळे माठ तळाला गेला तरी बोटं पाण्याला लागत नाहीत. आकड्यामुळे ओगराळं खिळ्याला टांगता येतं, म्हणजे ते जमिनीवर किंवा मोरीच्या कडेला ठेवलं जात नाही. एका घरात आजींनी ते पुरुषभर उंचीवर टांगलं होतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "पोरांचे हात पोचू नयेत, डॉक्टर. पाणी मागतील तर देऊ की आपण."

रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू वेगळा करून दाखवला तो १८८४ साली. ओगराळं त्याच्या कितीतरी आधीचं आहे. ते बनवणाऱ्याला जंतू ठाऊक नव्हते. पाण्यात हात बुडवायचा नाही एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं.

आपल्या भागात याला जास्त महत्त्व आहे. महाड-पोलादपूरला पावसाळ्यात छप्पर फाटल्यासारखा पाऊस पडतो, पण डोंगर उतारांवरून तो सगळा सावित्रीत जातो. एप्रिल-मे महिन्यांत वरच्या वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. पाणी रोज येत नसेल तर ते साठवावं लागतं, आणि साठवलेल्या पाण्यात दिवसातून पन्नास वेळा कुणा ना कुणाचा हात जातो. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल टाकते, पाण्याचा नमुना तपासून येतो, अहवालात पाणी पिण्यायोग्य असतं. तरी घरात जुलाब सुरूच. मग लोक म्हणतात, पाण्याची तर तपासणी झाली होती! ती विहिरीची झाली होती. क्लोरीनचा अंश साठवलेल्या पाण्यात हळूहळू उडून जातो, आणि शौचाहून आल्यावर नीट न धुतलेलं एक बोट पिंपात गेलं की पुढचं काम जंतू करतात.

कलकत्त्याच्या झोपडपट्ट्यांत यावर एक अभ्यास झाला, तो १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. ज्या घरांत कॉलऱ्याचा पेशंट सापडला त्यांचे गट केले. काही घरांना साठवलेल्या पाण्यात टाकायला क्लोरीन दिलं, काहींना अरुंद गळ्याची मातीची सुरई दिली आणि काहींना काहीच दिलं नाही. काहीच न दिलेल्या घरांत पेशंटच्या सहवासातल्या शंभरपैकी १७.३ जणांना संसर्ग झाला. क्लोरीनवाल्या घरांत ७.३ जणांना. सुरईवाल्या घरांत ४.४ जणांना! साधं मातीचं भांडं औषधापेक्षा सरस ठरलं. माझ्या मते कारण सरळ आहे. क्लोरीन रोज आठवणीनं, मापानं टाकावं लागतं. सुरईच्या गळ्यात मुळात हातच जात नाही. कुणाला काही शिकवायला नको, रागवायला नको, भिंतीवर पोस्टर नको. चांगली घडवलेली वस्तू तुमच्या आठवणीवर आणि शिस्तीवर विसंबून राहत नाही. मी दवाखान्यात बसून जे महिनोन्महिने सांगतो ते ती न बोलता करून घेते, आणि खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटतो.

हे कौतुक फक्त माझ्यासारख्या खेड्यातल्या डॉक्टरचं नाही. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर दाम्पत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे फिरलं. त्यांनी जो अहवाल दिला त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था उभी राहिली. भारतात पाहिलेल्या असंख्य वस्तूंमधून त्यांनी सर्वांत सुंदर म्हणून निवडला तो लोटा, म्हणजे आपला तांब्या. त्यात पाणी किती मावावं, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहावा, हातात कसा बसावा, कमरेवर की डोक्यावर न्यायचा, ओतताना धार कशी पडावी, दगडावर ठेवताना आवाज कसा यावा, इतका सगळा विचार त्या आकारात मुरलेला आहे असं त्यांनी लिहिलं. हा आकार कुणा एकानं काढलेला नाही. तो पिढ्यांनी घडवला. मी यात डॉक्टर म्हणून एकच भर घालीन. तांब्याची पसरट कड अशी वळलेली असते की धार एकसंध पडते, त्यामुळे वरून पाणी पिता येतं, ओठ लावावा लागत नाही. एका तांब्यावर दहा माणसं पाणी पितात आणि कुणाची लाळ कुणाला लागत नाही.

पण महाडमध्ये बसून "वरून पाणी" एवढं म्हणून थांबता येत नाही. ओठ न लावण्यातला जो सोयीचा भाग आहे, तो वेगळा. माणसाला पाण्याच्या भांड्याला हातच लावू न देणं वेगळं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत शाळेतल्या नळाबद्दल लिहिलं आहे: तहान लागली तरी त्यांनी स्वतः तोटी उघडायची नाही, शिपायानं उघडून द्यायची, शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. तोटी म्हणजे आरोग्याच्या दृष्टीनं अगदी निर्दोष वस्तू, आणि तीच एका मुलापुरती बंद दार झाली होती. इथल्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी त्यांनी ओंजळीनं पाणी प्यायलं, आणि त्यानंतर सनातन्यांनी तळं "शुद्ध" करायला काय वापरलं असेल? शेण, गोमूत्र, दूध-दही मिसळलेलं पाणी, १०८ घागरी भरून! कॉलऱ्याच्या काळातली ही "शुद्धी". वैद्यकीय दृष्टीनं त्या दिवशी तळ्याला धोका कुणापासून होता हे तुम्हीच ठरवा. तळ्याचा हक्क कोर्टातून कायम व्हायला १९३७ साल उजाडलं. वस्तूचं कौतुक करताना ती कुणाच्या हाती येऊ दिली जात होती हेही बघावं लागतं.

आता पितळेकडे येतो, कारण हल्ली मला सर्वांत जास्त प्रश्न तांब्या-पितळेच्या भांड्यांबद्दल विचारले जातात. "डॉक्टर, तांब्याच्या भांड्यातलं पाणी चांगलं ना?" साध्या पाण्यापुरतं, हो. तांब्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात उतरतात आणि जंतूंच्या पेशींचं आवरण आणि आतली यंत्रणा बिघडवतात. इंग्लंडच्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली भारतीय पितळी भांड्यांची परीक्षा घेतली तेव्हा त्यातले जुलाबाचे जंतू ४८ तासांत सापडेनासे झाले. पाण्यात उतरलेलं तांबं मात्र पिण्याच्या मर्यादेत होतं. पाण्यासाठी कळशी पितळेची आणि हंडा तांब्याचा का, याचं उत्तर इथं मिळतं.

पण त्याच पितळेत दूध ठेवलं तर?

ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली आहे आणि आजच्या तरुण आई-बाबांना ती माहीत नसते. १९७० आणि ८० च्या दशकांत लहान मुलांना यकृताचा एक भयंकर आजार व्हायचा. सहा महिने ते तीन-चार वर्षांचं मूल, आधी नुसती किरकिर, भूक मंद, पोट थोडं मोठं. तपासलं की यकृत टणक लागायचं आणि त्याची कड पानासारखी धारदार. मग कावीळ, पोटात पाणी, आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत जायची. एका घरात एक मूल गेलं की पाठचंही जायचं, म्हणून आनुवंशिक दोष असावा असं वाटे. पुस्तकात त्याचं नावच "इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस" असं होतं, जणू भारतीय असणं हेच कारण.

या मुलांच्या यकृताचे तुकडे तपासले तेव्हा त्यात तांबं प्रचंड प्रमाणात सापडलं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी मग एक अगदी घरगुती प्रश्न विचारला: बाळाला दूध कोणतं, कधीपासून आणि कोणत्या भांड्यातून? उत्तरांचा कल स्पष्ट होता. आजारी मुलांना आईचं दूध कमी दिवस मिळालं होतं. गाई-म्हशीचं दूध लवकर सुरू झालं होतं, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवलं जात होतं. १९८३ साली त्यांनी हे "लॅन्सेट"मध्ये मांडलं.

पाण्यात मर्यादेत राहणारं तांबं दुधात कसं वाढतं? दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं, त्यामुळे भांड्यातून तांबं ओढलं जात राहतं. मोठ्या माणसाचं यकृत जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. तान्ह्या बाळाची ही यंत्रणा अजून कच्ची असते, त्यामुळे ते यकृतातच साचत जातं. सगळ्या पितळी घरांतली सगळी मुलं आजारी पडली नाहीत, म्हणजे काहींच्या अंगात मुळातली प्रवृत्तीही असावी. पण ठिणगी भांड्यातून पडत होती. ऑस्ट्रियाच्या टायरॉल भागात हीच कथा घडली. कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत दूध करणाऱ्या तिथल्या खेड्यांत १९०० ते १९७४ या काळात १३८ मुलं अशाच आजारानं दगावल्याची नोंद आहे. तिथं तर कुणी भारतीय नव्हतं!

लवकर निदान झालेल्या काही मुलांना पेनिसिलामाइन या औषधानं वाचवता आलं. पण आजार संपला तो स्टीलच्या पातेल्यामुळे. घराघरांत स्टील आलं, दूध त्यात तापू लागलं, आणि हा आजार इतका दुर्मीळ झाला की आजच्या विद्यार्थी डॉक्टरांनी तो डोळ्यांनी पाहिलेलाच नसतो. स्टीलचं पातेलं दिसायला अगदी सामान्य. त्याला ना पितळेची झळाळी ना वारशाचा मान. तरी माझ्या मनात त्याची जागा फार वरची आहे.

आपल्या जुन्या बायकांना पितळेचा हा स्वभाव वेगळ्या अंगानं ठाऊक होता. कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते, हिरवट होते, तोंडात कशीतरी लागते. म्हणून वर्षाकाठी कल्हईवाला यायचा, भाता फुंकून भांडं लाल करायचा, नवसागर टाकून कथिलाचा पातळ थर आतून फिरवायचा. कल्हई हा पितळेच्या भांड्याचाच भाग होता. तिच्याशिवाय ते भांडं अपुरं. आता कल्हईवाले दिसत नाहीत, पण आजीची पितळी भांडी माळ्यावरून खाली येऊ लागली आहेत, आणि तांब्याच्या बाटलीत लिंबूपाणी भरून फिरायला जाणारी मंडळीही मला भेटतात. असं करू नका. लिंबू, कोकम, चिंच, ताक, सोलकढी हे काहीही उघड्या तांब्या-पितळेत नको. मळमळ, उलट्या, पोटदुखी पदरात पडेल. बाळाचं दूध तर मुळीच नको. आणि सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचंच दूध द्या, मग भांड्याचा प्रश्नच येत नाही.

बाळाचा विषय निघालाच आहे तर दुधाच्या बाटलीबद्दलही दोन शब्द. वर मी अरुंद तोंडाची स्तुती केली. बाटलीचं तोंडही अरुंद असतं, मग ती वाईट का? कारण पाणी थोडंसं पाणीच राहतं, दूध मात्र जंतूंचं जेवण आहे. बाटलीच्या गळ्यात आणि बुचाच्या भोकात साय चिकटते, ब्रश तिथं पोचत नाही, आणि दोन तासांत तिथं जंतूंची वसाहत तयार होते. वाटी-चमचा मात्र पूर्ण उघडा. बोट फिरवलं की स्वच्छ झालं की नाही ते कळतं, उकळत्या पाण्यात टाकता येतो. आईला काही कारणानं पाजता येत नसेल तर तिचं काढलेलं दूध वाटी-चमच्यानंच द्या, जन्मतः वजन कमी असलेलं बाळसुद्धा असं पितं. बाटल्यांच्या जाहिरातीवर आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, ती उगाच नाही.

आणखी एक बाटली मला त्रास देते. रॉकेल, फिनेल, शेतावरचं औषध थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलेलं. ती बाटली "मला प्या" असंच सांगत असते, आणि दोन वर्षांच्या पोराला दुसरं काही वाचता येत नाही. रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी काढायला लावू नका, ते फुफ्फुसात जातं. तसंच उचलून आणा.

आता स्वयंपाकघराबाहेर, झोपायच्या जागेकडे. महाडच्या वैद्यकीय इतिहासात विंचवाचं नाव मोठं आहे. इथले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर आयुष्य घातलं. विंचवाच्या विषानं शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकून फुफ्फुसात पाणी भरतं. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे औषध नेमकं ते आवळणं सोडवतं, हे त्यांनी १९८६ साली "लॅन्सेट"मध्ये मांडलं. आधी असे पेशंट मोठ्या संख्येनं जात; आता वेळेवर आले तर बहुतेक घरी जातात. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळं दंश झाल्यावरचं. दंश होऊच नये म्हणून आपल्याकडे एक वस्तू होती: बाज.

चार पाय, चौकट आणि काथ्याची किंवा सुंभाची वीण. हलकी, दोन हातांनी उचलून अंगणात नेता येणारी. विणीतून खालून वारा येतो, ढिली पडली तर दावण ओढून पुन्हा ताणता येते. आणि माणूस जमिनीपासून दोन फूट वर राहतो. मण्यार रात्री भक्ष्य शोधत भिंतीच्या कडेकडेनं घरात फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावते. तिचा दंश फारसा दुखत नाही, खूण जेमतेम दिसते. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि घरचे म्हणतात रात्री काहीतरी बाधलं. बाजेवर मच्छरदाणी लावून कडा गादीखाली खोचल्या तर मण्यारच काय, कौलातून पडणारा विंचूही अडतो. नेपाळच्या तराईत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी होतात असं दिसलं. जाळी डासांसाठी विणली, उपयोग सापालाही झाला. आता घरांत फरशी आली, बाजा गेल्या आणि उकाड्याच्या रात्री माणसं गार फरशीवर सतरंजी टाकतात. पावसाळ्यात तरी असं झोपू नका. पलंग घेणं जमत नसेल तर मच्छरदाणी घ्या, कडा सतरंजीखाली चारी बाजूंनी खोचा, आणि बॅटरी जाळीच्या आत, हाताशी ठेवा.

दंश झालाच तर घट्ट बांधू नका, कापू नका, चोखू नका, मंत्र-बिंत्र करत वेळ घालवू नका. चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा फळीला बांधा आणि प्रतिविष मिळेल अशा जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. पेशंटला चालू द्यायचं नाही. गाडी वाडीपर्यंत येत नसेल तर त्याला बाजेवर आडवं करा आणि चौघांनी चार पाय धरून खाली रस्त्यापर्यंत आणा.